ऑनलाइन लिलावातील प्रॉक्सी बोली आणि राखीव किंमत : काय झाकावे, काय झाकू नये

गेल्या महिन्यात जुमाच्या नमाजनंतर दोंडाईचा येथील एका तरुणाने मला मशिदीच्या व्हरांड्यात थांबवून घेतले. त्याच्याजवळ एक जुना 'छोटा हत्ती' आहे. मिरचीची पोती वाहून त्या गाडीने चार-पाच वर्षे त्याचे घर चालवले. आता बहिणीचे लग्न ठरले असून गाडी विकणे भाग आहे. वापरलेल्या वाहनांचा ऑनलाइन लिलाव जेथे होतो, अशा एका ठिकाणी ती नोंदवण्याचे त्याने ठरवले होते. त्याचा प्रश्न असा : "मौलाना, गाडी मातीमोल जाऊ नये म्हणून माझ्या चुलतभावाने दुसऱ्या नावाने दोन-चार बोल्या लावल्या तर चालेल का? त्याला गाडी घ्यायची नाही, तो फक्त भाव चढवील."

मी नकार देणार तोच त्याने दुसरा प्रश्न पुढे केला. "समोरचे लोक तर यंत्राला आकडा सांगून झोपी जातात आणि यंत्रच त्यांच्या वतीने बोल्या लावत राहते. यंत्राची बोली खरी आणि माझ्या भावाची खोटी, असे कसे?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मदरशातील दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाचा विद्यार्थीही देईल. दुसऱ्याचे उत्तर द्यावयाचे तर हा लिलाव आतून कसा चालतो, हे आधी समजून घ्यावे लागते. आज अनेक घरांतील मुले मोबाइलवर गाडी, जमीन, भंगार, जप्तीचा माल यांवर बोल्या लावीत आहेत आणि वडीलधाऱ्यांना त्यातील एक अक्षरही उमगत नाही. म्हणून हा विषय येथे थोडा विस्ताराने मांडतो.

आपल्या भागातील लोकांना लिलाव नवा नाही. दोंडाईचाच्या बाजार समितीच्या आवारात मिरचीच्या ढिगाभोवती व्यापारी जमतात, एक जण भाव पुकारतो, दुसरा वर चढतो आणि शेतकरी हे सारे उभ्याने ऐकत असतो. कोण किती चढला, हे सर्वांना दिसते. पूर्वी अनेक बाजारांत 'हत्ता पद्धत' होती. रुमालाखाली हातात हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरे आणि ज्याचा माल विकला जाई, त्यालाच आपल्या मालाचा भाव कळत नसे. नियमन केलेल्या बाजार समित्यांत ती पद्धत बंद करून उघड लिलाव आणला गेला, तो याच कारणाने. हा रुमाल ध्यानात ठेवावा. ऑनलाइन लिलावातही काही गोष्टी झाकलेल्या असतात आणि त्या रुमालाखाली नेमके काय आहे, यावरच आपला निर्णय अवलंबून आहे.

आता प्रॉक्सी बोली पाहू. समजा, एक छोटा हत्ती लिलावात आहे. सुरुवातीची किंमत १,००,००० रुपये आणि प्रत्येक बोलीचा किमान टप्पा २,००० रुपये. आपण विचार करून ठरवले की १,९०,००० च्या वर एक रुपयाही द्यावयाचा नाही. साध्या लिलावात आपल्याला तासन्‌तास पडद्याकडे पाहत बसावे लागेल. प्रॉक्सी पद्धतीत आपण ही शेवटची मर्यादा यंत्रात एकदाच भरून ठेवतो. ती इतर कोणाला दिसत नाही. यंत्र लगेच १,९०,००० ची बोली लावत नाही. समोरच्याला मागे टाकण्यास जेवढे पुरेसे आहे, तेवढेच ते आपल्या नावाने चढते. दुसऱ्या ग्राहकाने आपली मर्यादा १,६०,००० भरली असेल तर पडद्यावर आपल्या नावापुढे १,६२,००० दिसतील. तो तेथेच थांबला, तर गाडी आपल्याला १,६२,००० ला मिळेल आणि आपले २८,००० रुपये आपल्याच खिशात राहतील. तो १,८८,००० पर्यंत गेला तर आपण १,९०,००० वर उभे राहू. त्याच्याही पुढे गेला तर यंत्र गप्प बसेल व आपल्याला तसा निरोप येईल. दोघांची मर्यादा सारखीच निघाली, तर ज्याने ती आधी भरली त्याचा मान.

थोडक्यात, जिंकणारा आपली मर्यादा भरत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाची मर्यादा अधिक एक टप्पा, एवढेच तो भरतो. १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ईबेने ही रीत जगभर पोहोचवली. भारतात मुंबईची बाझी ही कंपनी २००४ मध्ये ईबेने घेतली आणि आपल्याकडील अनेकांनी ऑनलाइन बोलीचा पहिला अनुभव तेथे घेतला. ईबेचा तो भारतीय व्यवहार २०१८ मध्ये बंद झाला. रीत मात्र राहिली. या रीतीमागील तत्त्व विल्यम विकरी नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये एका लेखात सिद्ध केले होते. जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची किंमत भरावयाची असेल, तर प्रत्येकाने आपल्या मनातील खरी किंमत सांगणे हेच त्याच्या हिताचे ठरते. कमी सांगून काही वाचत नाही आणि जास्त सांगून पस्तावावे लागते. १९९६ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल जाहीर झाले आणि अवघ्या तीन दिवसांत त्यांचे निधन झाले. खरे सांगणाऱ्याचे नुकसान होऊ नये अशी बाजाराची मांडणी गणिताने करता येते, हे वाचून माझ्यासारख्या मदरशात घडलेल्या माणसाला विशेष आनंद झाला, हे येथे कबूल करतो.

फिकहच्या भाषेत हे यंत्र म्हणजे आपला 'वकील' आहे. येथे वकील म्हणजे काळा कोट घातलेला नव्हे. आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार ज्याला आपण दिला, तो. बाजारातील अडत्या हे त्याचे ओळखीचे रूप. सहीह बुखारीत हजरत उर्वा अल-बारिकी (रजि.) यांचा प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना एक दीनार देऊन एक बकरी आणावयास सांगितले. त्यांनी त्या दीनारात दोन बकऱ्या घेतल्या, एक बकरी एका दीनाराला विकली आणि बकरीही आणली, दीनारही परत आणला. प्रेषितांनी (स.) त्यांच्या व्यापारात बरकत व्हावी अशी दुआ केली. ही हदीस वाचताना एक गोष्ट सहज लक्षात येते. दिलेली रक्कम ही वकिलाची मर्यादा असते. ती पुरी संपवलीच पाहिजे, असा तो हुकूम नसतो. प्रॉक्सी यंत्र १,९०,००० ची परवानगी असतानाही १,६२,००० वर थांबते, तेव्हा ते वकिलाचे कर्तव्यच बजावीत असते.

मग आपली मर्यादा इतरांपासून झाकून ठेवणे ही फसवणूक आहे काय? नाही. सौद्यात किंमत उभय पक्षांना माहीत असली पाहिजे, ही शरीअतची अट आहे. लिलाव संपताना जी किंमत ठरते ती पडद्यावर सर्वांसमोर असते. झाकलेली असते ती माझी तयारी. खिशात किती पैसे आहेत, हे दुकानदाराला सांगण्याचे बंधन कोणावर नाही. हत्ता पद्धतीत रुमालाखाली किंमतच होती. येथे फक्त माझा विचार आहे. मात्र लिलाव चालवणाऱ्या कंपनीला हा आकडा ठाऊक असतो. तो विक्रेत्याला कळवणे म्हणजे अमानतीत खयानत होय. म्हणून मर्यादा भरण्यापूर्वी त्या स्थळाचे नियम वाचावेत आणि कंपनी तेथे स्वतःचाच माल विकते काय, हे अवश्य पाहावे. जेथे विकणारा आणि माझा वकील एकच आहे, तेथे मी मर्यादा भरून ठेवणार नाही. दर वेळी स्वतः बोली लावीन.

आता विक्रेत्याची बाजू. त्या तरुणाची भीती खोटी नव्हती. लिलावात ग्राहक दोनच आले आणि दोघेही थंड निघाले, तर पावणेदोन लाखांची गाडी सव्वा लाखाला जाऊ शकते. यासाठीच राखीव किंमत असते. विक्रेता लिलावाआधी एक आकडा नोंदवतो आणि बोली तेथवर पोहोचली नाही तर माल विकला जात नाही. सुरुवातीची किंमत वेगळी, राखीव किंमत वेगळी, हा फरक अनेकांच्या ध्यानात येत नाही. क्रिकेटच्या आयपीएल लिलावात खेळाडूची मूळ किंमत सर्वांना ठाऊक असते व बोली तेथूनच सुरू होते. गुप्त राखीव किमतीच्या लिलावात बोली खालून सुरू होते आणि पडद्यावर केवळ 'राखीव किंमत गाठलेली नाही' एवढीच ओळ दिसते.

आपल्याच उदाहरणात विक्रेत्याने १,७५,००० ही राखीव किंमत ठेवली आहे असे समजा. आपली मर्यादा १,७०,००० आणि दुसऱ्याची १,६०,००० असेल, तर आपण १,६२,००० वर पुढे असूनही गाडी आपली होत नाही. आपली मर्यादा १,९०,००० असेल, तर ईबेसारख्या पद्धतीत यंत्र आपली बोली थेट १,७५,००० वर नेऊन ठेवते, जरी दुसरा ग्राहक १,६०,००० लाच थांबलेला असला तरी. हे पाहून अनेक जण चमकतात व कोणीतरी खोटी बोली लावली असा संशय घेतात. तेथे खोटे काही नसते. मालक म्हणतो, "एवढ्याखाली मी राजी नाही", आपण आधीच म्हटलेले असते, "तेथवर मी राजी आहे."

आणि राजी असणे, परस्पर संमती असणे, हाच तर व्यापाराचा पाया सूरह निसाच्या २९ व्या आयतीत सांगितला आहे. हनफी फकीहांच्या दृष्टीने बोली म्हणजे ग्राहकाने पुढे केलेला प्रस्ताव. मालकाने वा त्याच्या वकिलाने तो स्वीकारीपर्यंत सौदा होत नाही आणि सर्वांत मोठी बोली स्वीकारलीच पाहिजे असेही मालकावर बंधन नाही. केंद्र सरकारने १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू केलेल्या ई-नाम या कृषी बाजारातही भाव पटला नाही तर शेतकऱ्याला तो नाकारता येतो. तो त्याच्या मनातील राखीव भावच होय. राखीव किंमत गुप्त ठेवली तरी हरकत नाही, पण 'राखीव किंमत आहे' ही गोष्ट मात्र गुप्त ठेवू नये. ग्राहकाला बिनशर्त लिलाव आहे असे भासवून मागाहून "भाव कमी आला, देत नाही" म्हणणे हे वेगळे वागणे झाले.

बँकांच्या जप्तीच्या लिलावात तर राखीव किंमत जाहिरातीतच छापलेली असते. वर्तमानपत्राच्या पानभर बारीक अक्षरांत येणाऱ्या त्या नोटिसा आपण पाहिल्या असतीलच. २००२ च्या सरफेसी कायद्याखालील नियमांनुसार स्थावर मालमत्तेची ही किंमत मूल्यांकन करवून ठरवली जाते आणि कर्जदार व बँक या दोघांच्या संमतीवाचून त्याखाली विक्री होत नाही. ज्याचे घर जात आहे त्याच्या हक्काचे ते शेवटचे कुंपण असते. अशा लिलावात बोली लागल्यावर २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरावी लागते. उरलेली १५ दिवसांत वा लेखी वाढवून मिळालेल्या मुदतीत न भरल्यास भरलेले पैसेही जातात. उत्साहाच्या भरात बोली लावून नंतर दागिने गहाण टाकणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. 'जसे आहे जेथे आहे' या चार शब्दांचा अर्थही घरातील कोणीतरी समजावून घ्यावा : दोष निघाला तर तक्रार चालणार नाही. म्हणून माल डोळ्यांनी पाहिल्यावाचून बोली लावू नये.

आता त्या तरुणाच्या चुलतभावाकडे वळू. घेण्याची इच्छा नसताना केवळ भाव चढवण्यासाठी बोली लावणे याला हदीसमध्ये 'नज्श' म्हटले आहे आणि प्रेषितांनी (स.) त्यास मनाई केल्याचे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. लिलाव स्वतः निषिद्ध नाही. हजरत अनस (रजि.) यांच्या कथनानुसार, मदत मागावयास आलेल्या एका अन्सारी माणसाच्या घरातील एक जाडेभरडे अंथरूण आणि एक पेला प्रेषितांनी (स.) स्वतः बोलीवर विकला. एकाने एक दिरहम म्हटले. अधिक कोण देतो, असे त्यांनी दोन-तीनदा विचारले. दुसऱ्याने दोन दिरहम दिले आणि सौदा झाला. त्यातल्या एका दिरहमात अन्न व दुसऱ्यात कुऱ्हाड घ्यावयास त्या माणसाला सांगितले गेले. विक्रेता गरीब होता, गरज खरी होती, एकेक दिरहम मोलाचा होता. तरीही सभेत बसलेल्यांपैकी कोणाला "तू उगाच तीन म्हण" असे सांगितले गेले नाही. उघडपणे विचारले गेले, एवढेच.

प्रॉक्सी बोली आणि नज्श यांतील भेद येथे स्पष्ट होतो. यंत्रामागे घेणारा माणूस आहे. ते १,६२,००० म्हणते तेव्हा १,६२,००० देणारा कोणीतरी खरोखर आहे. चुलतभावाच्या बोलीमागे कोणीच नाही. बोली हे एक वचन आहे आणि त्याचे वचन पोकळ आहे.

शिवाय प्रॉक्सी पद्धतीत नज्शचे विष अधिक भिनते, हे समजून घ्यावे. आपली मर्यादा १,९०,००० यंत्रात पडून आहे आणि खरा प्रतिस्पर्धी १,६०,००० ला थांबला आहे. आता खोट्या नावाचा माणूस १,६४,००० म्हणतो. यंत्र प्रामाणिकपणे १,६६,००० म्हणते. तो १,६८,०००, यंत्र १,७०,०००. असे टप्प्याटप्प्याने आपला खिसा चाचपत तो १,८८,००० पर्यंत जातो आणि आपण १,९०,००० ला गाडी घेतो. २८,००० रुपये कोठे गेले, हे आपल्याला कधीच कळत नाही. त्याचा अंदाज चुकला आणि तोच वर राहिला, तर दोन दिवसांनी निरोप येतो : "पहिल्या ग्राहकाने माघार घेतली, आपल्या शेवटच्या किमतीला घेता का?" असा निरोप आल्यास सावध व्हावे.

अशा सौद्याचे पुढे काय, याबद्दल फकीहांमध्ये मतभेद आहेत. हनफी व शाफई मताप्रमाणे सौदा कायम राहतो, पण नज्श करणारा गुन्हेगार ठरतो. मालिकी मताप्रमाणे ग्राहकाला माल परत करण्याचा अधिकार मिळतो; हंबली मताप्रमाणे अवाजवी फटका बसला असेल तर. हनफी ग्रंथांत आणखी एक बारकावा आहे. माल त्याच्या वाजवी मोलाच्या खालीच अडकला असेल आणि कोणी त्याला त्या मोलापर्यंत चढवले, तर त्यास दोष दिलेला नाही. त्या तरुणाने हे कोठेतरी ऐकले होते आणि त्याचाच तो आधार घेत होता. मी त्याला विचारले, वाजवी मोल कोण ठरवणार? ज्याची गाडी आहे तो? मालकाच्या डोळ्यांनी पाहिले तर प्रत्येक माल मोलाखालीच असतो.

आणि देशाचा कायदा तर ही पळवाटही ठेवीत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यातील ६४ वे कलम सांगते की राखीव किंमत जाहीर करून लिलाव करता येतो. मालकाला स्वतः वा एका माणसामार्फत बोली लावण्याचा हक्कही ठेवता येतो, पण तो आधी स्पष्ट जाहीर केला पाहिजे. तसे न करता त्याने स्वतः बोली लावली किंवा कोणाला लावावयास सांगितली तर ते बेकायदा. आणि दिखाऊ बोलीने भाव चढवला असेल तर ग्राहक सौदा रद्द करू शकतो. ब्रिटनमध्ये २०१० मध्ये ईबेवर स्वतःच्याच मालावर बोल्या लावणाऱ्या एकाला न्यायालयाने दंड केला होता.

हे सारे मी पुस्तकातूनच सांगतो आहे असे नाही. विद्यार्थिदशेत मी ज्या मदरशात होतो तेथे बकरी ईदनंतर कुर्बानीच्या कातड्यांचा लिलाव होई. एका वर्षी कमिटीतील एका बुजुर्गांनी मला व्यापाऱ्यांत उभे राहून दोन-तीनदा पाच-पाच रुपये चढवावयास सांगितले. मदरशाचे भले होईल, सवाब मिळेल, असे ते म्हणाले. मी तसे केले. एका वयस्क व्यापाऱ्याने माझ्या आवाजावर चढून माल उचलला. नंतर बाजार पडला आणि त्यांचे नुकसान झाले. काही महिन्यांनी वर्गात 'हिदाया' ग्रंथातील नज्शचा मसला आला आणि त्या दिवशी माझ्याने जेवण गेले नाही. मी त्यांच्या वखारीवर जाऊन माफी मागितली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पोरा, तुमच्या कमिटीला नगामागे किती हवे होते, ते सांगायचे होते. पटले असते तर दिले असते." दीनच्या कामासाठी म्हणून नज्श हलाल होत नाही, हे मी त्या वखारीत शिकलो.

खरेदीदारांच्या बाजूनेही हा दोष घडतो, तो ओझरता सांगतो. चार व्यापाऱ्यांनी आपसात ठरवून एकमेकांवर चढायचे नाही आणि मागाहून माल वाटून घ्यायचा, याने विक्रेता लुबाडला जातो. मालिकी फकीहांनी एखाद्याला "तू थांब" म्हणण्यास मोकळीक दिली आहे, सर्वांना थांबवण्यास नाही. प्रवेश शुल्काबद्दलही वाचक विचारतात. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या १९९३ च्या ब्रुनेई अधिवेशनातील ठराव असा की बोलीदारांकडून अनामत घेता येते, पण ज्यांना माल मिळाला नाही त्यांना ती परत दिली पाहिजे. आणि कागदपत्रांच्या खर्चाहून अधिक प्रवेश शुल्क घेऊ नये. प्रत्येक बोलीमागे पैसे कापणारे आणि हरलेल्याला काहीच न देणारे जे खेळ मोबाइलवर निघाले आहेत, ते तर सरळ जुगाराच्या जवळ जातात.

त्या तरुणाला मी सांगितले की चुलतभावाला घरी बसव आणि राखीव किंमत भर. गाडीच्या मागच्या पाट्याला लागलेला गंज आणि एकदा बदललेला क्लच, हेही वर्णनात लिही. त्याने दोन्ही लिहिले आणि १,७५,००० ची राखीव किंमत ठेवली. पहिल्या लिलावात बोली १,६८,००० वर अडली आणि गाडी विकली गेली नाही. त्या रात्री तो माझ्यावर थोडा नाराजच होता. तिसऱ्या आठवड्यात शहाद्याकडील एका भाजीवाल्याने यंत्रात आपली मर्यादा भरून ठेवली आणि गाडी १,७९,००० ला गेली. गाडी न्यावयास तो आला तेव्हा चहा घेताना त्याने सहज सांगितले की त्याची मर्यादा दोन लाखांची होती. तरुणाने मला हे सांगताना बोटावर एकवीस हजार मोजून दाखवले आणि हसला.